नागपुरात मतं एकत्र आणायचं काम करताना काय काय झालं

उत्तर नागपूरचा 2014 चा विधानसभा निकाल मी इतक्या लोकांना सांगितलाय की आकडे पाठ झालेत. भाजपचे मिलिंद माने 68,905, बसपाचे किशोर गजभिये 55,187, काँग्रेसचे नितीन राऊत 50,042. म्हणजे इंदोरा, कमाल चौक, पाचपावली हा सगळा भाग ज्या मतदारसंघात येतो, जिथे घराघरावर निळा झेंडा आहे, तिथे भाजपचा आमदार निवडून आला आणि दुसऱ्या-तिसऱ्या नंबरची मतं जोडली तर एक लाख पाच हजाराच्या वर जातात. मग 2019 ला दक्षिण आणि मध्य नागपूर, दोन्हीकडे काँग्रेस चार हजाराच्या आसपास मतांनी हरली, मध्यमध्ये एकट्या एमआयएमला आठ हजाराच्या वर मतं होती. हा हिशोब पानठेल्यावर उभ्या असलेल्या कोणालाही कळतो. तरी दर निवडणुकीत तेच होतं. ते का होतं हे समजून घ्यायला आणि जमेल तेवढं थांबवायला आम्ही काही लोक 2023 च्या शेवटापासून काम करतोय, त्याबद्दल लिहिते आहे.

आधी माझी बाजू सांगून टाकते. मी कुठल्याही पक्षात नाही, पण तटस्थही नाही. आमचे बाबा एम्प्रेस मिलमध्ये होते, लाल बावट्याचे. 1957 मध्ये कम्युनिस्ट नेते ए. बी. बर्धन नागपुरातून आमदार झाले ती गोष्ट घरात सणासारखी सांगितली जायची. आई मात्र कायम पंजाला मत द्यायची आणि ते बाबांनाही माहीत होतं, घरात कधी भांडण झालं नाही. मी स्वतः अकाउंट्सचं काम करते, मानेवाड्याला राहते. सरकारी शाळा, कामगारांचे हक्क, संविधान, धर्माच्या नावाने माणसं वेगळी न करणं, हे ज्यांना महत्त्वाचं वाटतं ते लोक या शहरात भरपूर आहेत, फक्त ते चार-पाच चिन्हांमध्ये वाटलेले आहेत, आणि मला याचा मनापासून त्रास होतो.

सुरुवात झाली हिवाळी अधिवेशनाच्या वेळी. डिसेंबर 2023, अंगणवाडी ताईंचा राज्यभर संप चालू होता आणि नागपुरात यशवंत स्टेडियमपासून रोज मोर्चे निघत होते. तिथे युनियनचे एक जुने कॉम्रेड भेटले, बाबांना ओळखणारे. त्यांच्यामुळे इंदोऱ्याचे एक काकाजी भेटले, पोस्टातून रिटायर झालेले, आयुष्यभर आधी रिपब्लिकन आणि मग हत्ती, म्हणजे बसपा. मग मोमिनपुऱ्यातले एक सर, धरमपेठेतलं एक वकील जोडपं जे घराण्यापासून काँग्रेसचं, आणि बजाजनगरातला एक पोरगा जो 2014 मध्ये शाळकरी असताना झाडूची टोपी घालून फिरायचा. असा ग्रुप जमला. नाव ठेवलं नाही, बॅनर छापला नाही, कॉम्रेडनीच सांगितलं होतं की नाव ठेवलं की पहिलं भांडण अध्यक्ष कोण यावर होते.

माझ्याकडे काम आलं फॉर्म 20 चं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, फॉर्म 20 म्हणजे बूथनिहाय अंतिम निकालपत्रक, कुठल्या बूथवर कोणाला किती मतं पडली ते त्यात असतं. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर पीडीएफ मिळतात पण बरेचसे स्कॅन केलेले, पान तिरकं, आकडा 3 आहे का 8 आहे ते झूम करून बघावं लागतं, कॉपी-पेस्ट होतच नाही. मी ऑफिसहून आल्यावर रात्री एक्सेल उघडून बसायची आणि बजाजनगरचा पोरगा व्हिडिओ कॉलवर आकडे वाचून दाखवायचा. त्यात बूथांचे नंबर दर निवडणुकीला थोडे हलतात, जुन्या बूथचे दोन होतात नाहीतर दोनाचा एक होतो, म्हणून शाळेचं नाव आणि खोली नंबर लावून जुळवावं लागलं. कंटाळवाणं काम, पण ज्याला कोणाला मतांच्या एकीवर बोलायचं आहे त्याने एका तरी विधानसभेचं हे करून बघावं असं मला वाटतं, कारण टीव्हीवरच्या चर्चेतून जे कधीच कळत नाही ते यातून कळतं.

दोन गोष्टी दिसल्या. एक म्हणजे, ज्या बूथवर हत्तीची मतं कमी झाली तिथे पंजाची तेवढी वाढली नाहीत, बरेच लोक घरीच बसले. पक्षाचे लोक मात्र समजतात की याचं बटण बंद झालं की माणूस आपोआप आपलं बटण दाबेल. आणि दुसरी, जी मला जास्त महत्त्वाची वाटते: लोकसभेला नुसत्या बेरजेने नागपूर जिंकताच येत नव्हतं. 2019 ला भाजपचे नितीन गडकरी 2,16,009 मतांनी जिंकले, त्या वेळची वंचित बहुजन आघाडी आणि बसपा दोघांची सगळी मतं काँग्रेसच्या नाना पटोलेंच्या खात्यात टाकली तरी फरक भरून निघत नव्हता. म्हणजे विधानसभेच्या काही जागांवर फूट हेच पराभवाचं कारण, पण लोकसभेला त्याशिवाय मधला मतदारही आणावा लागणार, जो 2014 नंतर भाजपकडे गेला. एकाच शहरात दोन वेगळी कामं. हे कागदावर आल्यावर आमच्या ग्रुपमधली अर्धी चिडचिड कमी झाली, कारण तोपर्यंत प्रत्येक जण दुसऱ्याच्या पक्षाकडे बोट दाखवत होता.

मग लोकांकडे जायला लागलो. इंदोऱ्याला पहिली बैठक काकाजींच्या घरासमोर, अंगणात सतरंजी टाकून. वकील ताईंनी 2014 चे आकडे वाचून दाखवले. लोकांनी शांतपणे ऐकलं, मग एक मावशी उठून बोलल्या, "बाई, तुम्ही पाच वर्षांतून एकदा येता अन् आमाले म्हणता मतं फोडू नका. आमचं मत तुमच्या घरचं होतं काय, का आम्ही ते फोडलं? तुमच्या मानसाले पन्नास हजार अन् आमच्या मानसाले पंचावन, मंग फोडलं कोनं?" आणि खरंच, 2014 च्या त्या निकालात दुसरा नंबर हत्तीचा होता, पंजा तिसरा. मतं फोडल्याचा आरोप मात्र कायम छोट्या पक्षाच्या मतदारावर होतो.

काकाजींनी त्या दिवशी भंडाऱ्याची गोष्ट काढली. 1954 ची लोकसभेची पोटनिवडणूक. तेव्हा भंडारा दोन जागांचा मतदारसंघ होता, एक सर्वसाधारण आणि एक राखीव, प्रत्येक मतदाराला दोन मतं. बाबासाहेब राखीव जागेवर उभे होते, त्यांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचं प्रजा समाजवाद्यांशी जमलं होतं आणि सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता होते. जुने लोक सांगतात की कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांना सुचवलं होतं, आपल्या लोकांनी दुसरं मत कोणालाच देऊ नये, वाया घालवावं, म्हणजे आपला फायदा होईल, आणि बाबासाहेबांनी ते साफ नाकारलं. निकाल काय लागला तर अशोक मेहता निवडून आले आणि बाबासाहेब काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांच्या वर मतांनी हरले. त्याच्या दोन वर्षं आधी मुंबईतही ते हरले होते, तिथे 74,333 मतं बाद ठरली होती आणि डाव्यांनी आपल्या मतदारांना दुसरं मत वाया घालवायला सांगितलं असा आरोप करून बाबासाहेब आणि अशोक मेहता दोघांनी निवडणूक याचिका केली होती. आमचे कॉम्रेड समोरच बसले होते. ते खाली मान घालून ऐकत होते, आणि नंतर एवढंच बोलले की ही गोष्ट आमच्या शिबिरात सांगायला पाह्यजे.

काकाजी म्हणाले, "आमची मतं तिकडं गेली, तिकडची आमच्याकडं आली नाही. तवापासून आमचा एकच प्रश्न हाय, तुमची येतीन काय?"

पुढचं सगळं काम या प्रश्नावरच चाललं. कारण याचं उत्तर एकदा "हो" असं मिळालेलं आहे, आणि तेही फार जुनं नाही. 1998 च्या लोकसभेला महाराष्ट्रात काँग्रेस, रिपब्लिकन गट आणि समाजवादी पार्टी एकत्र लढले. रिपब्लिकनांचे चार खासदार आले, अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून आपल्या नागपूरचे जोगेंद्र कवाडे आणि मुंबईतून रामदास आठवले. चारही जागा खुल्या होत्या. म्हणजे सवर्ण, ओबीसी, मुस्लिम मतदारांनी रिपब्लिकन उमेदवाराला मत दिल्याशिवाय ते शक्यच नव्हतं. त्या वेळी काँग्रेसला राज्यात 33 जागा, सेना-भाजपला मिळून 10. पुढच्याच वर्षी काँग्रेस फुटली, राष्ट्रवादी निघाली, रिपब्लिकनही पांगले आणि 1999 ला सेना-भाजप 28 वर गेले. हे आठवणारी माणसं अजून जिवंत आहेत, पन्नाशी-साठीची आहेत, त्यांना फक्त कोणी विचारत नाही.

म्हणून आम्ही उलटं केलं. वस्तीत जाऊन "पंजाला द्या" सांगायचं काम थांबवलं आणि धरमपेठ, रामदासपेठ, मनीषनगर, आमचं मानेवाडा इकडे जाऊन विचारायला लागलो की उद्या तुमच्या भागात एकीचा उमेदवार निळ्या नाहीतर लाल झेंड्याचा असला तर तुम्ही मत द्याल का.

हे ऐकायला जड गेलं. आमच्याच फ्लॅट स्कीममध्ये एका घरी बसलो होतो, बँकेतून रिटायर झालेले गृहस्थ, पुरोगामी विचारांचे, पुस्तकांचं कपाट भरलेलं, महागाईवर, पेपरफुटीवर, चॅनेलांवर तासभर बोलले आणि आम्हाला पटतच होतं सगळं. मग मी प्रश्न विचारला. ते थांबले. चहाचा कप बशीत ठेवला आणि म्हणाले, "काँग्रेसला देतोच ना आम्ही." मी म्हटलं काका, काँग्रेस नसेल तर. त्यांच्या बायकोने आतून सांगितलं, "मग आम्ही जाणारच नाही मतदानाला." कोणी रागावलं नाही, आवाज चढला नाही, उलट जाताना आम्हाला संत्र्याची बर्फी दिली. पण उत्तर नाही असंच होतं. अशी उत्तरं बऱ्याच घरी मिळाली. काही घरी मात्र लगेच हो मिळालं, विशेषतः जिथे पोरं बाहेरगावी शिकून आली होती किंवा जिथे घरातलं कोणी युनियनमध्ये होतं. ही नकाराची उत्तरं मी इंदोऱ्यात जशीच्या तशी जाऊन सांगितली. वकील दादांचं म्हणणं होतं सांगू नको, लोक अजून दुखावतील. मला वाटलं त्यांना माहीतच आहे, आपण लपवलं तर आपणच खोटे पडू. काकाजी ऐकून म्हणाले, "हाव, आता बोलनं खरं होऊन राहिलं."

मार्च 2024 मध्ये वरच्या पातळीवर महाविकास आघाडी आणि वंचितची बोलणी फिसकटली. आमच्या ग्रुपमध्ये दोन दिवस कोणी मेसेजच टाकला नाही. मग वंचितने नागपुरात काँग्रेसच्या विकास ठाकरेंना आणि कोल्हापुरात शाहू महाराजांना पाठिंबा जाहीर केला. नागपूरपुरतं तरी चित्र बदललं. पण जाहीर पाठिंबा आणि बूथवरचं मत यात भरपूर अंतर असतं, ते अंतर कोणीतरी चालून पार करावं लागतं. ज्या पक्षाला पाठिंबा मिळाला त्याच्या एका स्थानिक पदाधिकाऱ्याला आम्ही विनंती केली की निदान एक संध्याकाळ विहारात या, पाच मिनिटं बसा, आभार माना. तो "बघतो, बघतो" म्हणत राहिला आणि शेवटी आला नाही. त्याच्याऐवजी त्याच पक्षाची एक तरुण कार्यकर्ती स्वतःहून आली, स्कूटीवर, एकटी. तिने भाषण केलं नाही, वंदनेला बसली, मग लोकांचे प्रश्न वहीत लिहून घेतले, आणि पुढच्या आठवड्यात त्यातल्या नळाच्या प्रश्नावर झोन ऑफिसला जाऊन परत सांगायला आली. त्या वस्तीतली हवा बदलली ती तिच्यामुळे. तिचं नाव इथे लिहीत नाही पण मला तिचं फार कौतुक आहे.

मधल्या मतदाराचं काम वेगळंच होतं. गडकरींबद्दल नागपुरात आदर आहे, रस्ते, मेट्रो, त्यांची मोकळी बोलायची पद्धत, हे नाकारून बोलणं सुरूच होत नाही. आम्ही ठरवलं होतं की त्यांच्याविरुद्ध काही बोलायचंच नाही. देशात कुठलं सरकार यावं, संविधानाचं काय, शेतमालाचे भाव, पोरांच्या नोकऱ्या, यावर बोलायचं आणि माणसाला त्याचं ठरवू द्यायचं. चारशे पारच्या घोषणेनंतर संविधानाचा मुद्दा वस्तीत तर होताच पण मधल्या वर्गातही हळूहळू यायला लागला होता, खासकरून ओबीसी घरांमध्ये, आरक्षणाच्या काळजीने.

19 एप्रिलला मतदान. एप्रिलमधलं नागपूर म्हणजे काय ते सांगायला नको, दहा वाजताच डांबर मऊ. आम्ही उमेदवाराचे पोलिंग एजंट नव्हतो, बूथच्या बाहेर ठरलेल्या अंतरावर थांबून लोकांना मतदार यादीत नाव शोधून देत होतो, मोबाईलवर व्होटर हेल्पलाईन ॲप उघडून. तीस वर्षं एकाच घरात राहणाऱ्या बाईचं नाव यादीत नाही, नवऱ्याचं आहे, मेलेल्या सासऱ्याचं पण आहे. कोणाचं नाव तीन किलोमीटर लांबच्या शाळेत. मोमिनपुऱ्याचे सर एकेका कुटुंबाला ऑटोत बसवून पाठवत होते, फोन लावून विचारत होते पोचले का. मला त्या दिवशी सगळ्यात जास्त वाईट याचं वाटलं, की पुष्कळ लोक मन बनवून आले होते आणि नाव नाही म्हणून परत गेले. यादी तपासायचं काम दोन-तीन महिने आधी, फॉर्म 6 (नवीन नाव नोंदवायचा) आणि फॉर्म 8 (दुरुस्तीचा, पत्ता बदलाचा) भरायला वेळ असताना करावं लागतं, त्याला काहीही पर्याय नाही.

4 जूनला कळमना मार्केटमध्ये मतमोजणी. गडकरी 1,37,603 मतांनी जिंकले. हरलो, पण 2,16,009 वरून फरक इथवर आला आणि राज्यात आघाडीला 48 पैकी 30 जागा मिळाल्या. शेजारी रामटेकला काँग्रेस जिंकली. आणि अकोल्यात नेमकं उलटं झालं, भाजपचे अनुप धोत्रे 4,57,030, काँग्रेसचे अभय पाटील 4,16,404 आणि प्रकाश आंबेडकर 2,76,747. 1998 ला ज्या अकोल्याने एकीचा खासदार दिला त्याच अकोल्यात. काकाजींनी मला रात्री फोन करून हे आकडे स्वतः वाचून दाखवले, मी काही बोलले नाही.

2024 च्या विधानसभेबद्दल थोडक्यात लिहिते कारण तिथे आम्हाला काम करायला जागाच उरली नाही. जागावाटप अर्ज भरायच्या शेवटच्या दिवसांपर्यंत चाललं, वंचित स्वतंत्र लढली, बसपा स्वतंत्र, शिवाय बंडखोर. रामटेक विधानसभेत जागा उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेला सुटली आणि काँग्रेसचे राजेंद्र मुळक बंडखोरी करून अपक्ष उभे राहिले, ते दुसऱ्या नंबरवर आणि आघाडीचा अधिकृत उमेदवार पार मागे, जिंकले शिंदेंच्या बाजूचे आशिष जयस्वाल. मोठ्या पक्षांची मतं एकमेकांकडे जातात हे सुद्धा गृहीत धरता येत नाही, मग छोट्यांना उपदेश कशाला करायचा. त्यात लाडकी बहीण योजनेचे महिना दीड हजार रुपये ऑगस्टपासून बायकांच्या खात्यात येत होते आणि आमच्याकडे त्यावर सांगण्यासारखं काही तयार नव्हतं. 23 नोव्हेंबरला राज्यात महायुती 230, काँग्रेस 16, उद्धव ठाकरेंची सेना 20, शरद पवारांची राष्ट्रवादी 10. नागपूर शहरात 2019 सारखंच, भाजप चार, काँग्रेस दोन. उत्तर नागपूर मात्र राऊतांनी 28 हजारांच्या वर मतांनी राखलं, जिथे 2014 ला ते तिसरे होते.

त्या निकालानंतर ग्रुप जवळजवळ संपला होता. परत जमलो ते महापालिकेमुळे. नागपूर महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, तेव्हापासून प्रशासकच होते, नगरसेवक नव्हते, कचऱ्याची गाडी आली नाही तर कोणाला फोन करायचा ते माहीत नसायचं. मे 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने स्थानिक निवडणुका घ्या म्हणून सांगितल्यावर परत हालचाल सुरू झाली. आणि महापालिकेत एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे जी लोकसभा-विधानसभेत नाही: बहुतेक प्रभागांत अ, ब, क, ड अशा चार जागा आणि मतदाराला चार मतं. म्हणजे एकीसाठी कोणाला पूर्ण बाहेर बसवायची गरज नाही. एक जागा पंजाला, एक हत्तीला किंवा वंचितला, एक कामगारांच्या माणसाला, वाटून घेता येते. आणि आमची मतं तुमच्याकडे आली का, हे त्याच प्रभागात, त्याच दिवशी, त्याच मशीनवर मोजता येतं. 2017 ला 151 पैकी भाजप 108, काँग्रेस 29, बसपा 10 होते.

उमेदवार कसा निवडायचा यावर आम्ही पदवीधर मतदारसंघाची पद्धत घेतली. डिसेंबर 2020 मध्ये नागपूर पदवीधरमध्ये अभिजित वंजारी जिंकले, भाजपची कित्येक वर्षांची जागा होती, आधी गडकरी तिथूनच निवडून यायचे. त्या निवडणुकीत जांभळ्या स्केचपेनने उमेदवारासमोर 1, 2, 3 असा पसंतीक्रम लिहायचा असतो. कोणी अर्ध्याच्या वर गेलं नाही तर सगळ्यात मागचा बाद होतो आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीच्या उमेदवाराकडे जातात. मनातल्याला पहिलं मत देऊनही ते वाया जात नाही. मी 2020 ला असं मत दिलं होतं आणि तेव्हा पहिल्यांदा मतदान करून बाहेर येताना मनावर ओझं नव्हतं. सगळ्याच निवडणुका अशा झाल्या तर मत फोडलं हा आरोप करायला जागाच उरणार नाही असं माझं ठाम मत आहे.

तर विहाराच्या हॉलमध्ये बैठक घेतली. आमच्या प्रभागातल्या एका महिला जागेसाठी इच्छुक चौघी होत्या, एक मोठ्या पक्षाची, एक बसपाची जुनी कार्यकर्ती, एक घरकामगार बायकांच्या संघटनेच्या ताई, आणि एक बचतगटवाल्या. मानेवाड्यातून, वस्तीतून, मोमिनपुऱ्याच्या सरांच्या ओळखीतून माणसं आली. बजाजनगरच्या पोराने जांभळे स्केचपेन आणले. चौघींनी पाच-पाच मिनिटं बोलायचं, मग प्रत्येकाने चिठ्ठीवर पसंती लिहायची. वकील ताईंनी फळ्यावर समजावून सांगितलं, दोन-तीन आज्यांना पोरींनी लिहायला मदत केली.

चिठ्ठ्या सतरंजीवर चार ढिगात लावल्या. पहिल्या फेरीत मोठ्या पक्षाची पुढे, हत्तीवाली तिच्या मागे, घरकामगार ताई तिसऱ्या, बचतगटवाल्या शेवटी. अर्ध्यावर कोणीच नाही. बचतगटाचा ढीग उचलला, एकेक चिठ्ठी उघडून दुसरी पसंती वाचली, बहुतेक घरकामगार ताईंकडे गेल्या आणि त्या हत्तीवालीच्या पुढे निघाल्या. आता हत्तीवाली बाद. हॉलमध्ये थोडी कुजबुज झाली, काकाजींनी हात वर करून सगळ्यांना बसवलं. त्या ढिगातल्या चिठ्ठ्या वाचताना मी वाचत होते आणि पोरगा टेकवत होता, ताई, ताई, पंजा, ताई, ताई. घरकामगार ताई अर्ध्याच्या वर गेल्या. मग मी गंमत म्हणून नाही, मुद्दाम, मोठ्या पक्षाच्या ढिगातल्याही दुसऱ्या पसंती वाचायला लागले, त्यांची गरज नसताना, कारण मला ते बघायचंच होतं. मानेवाड्याच्या लोकांच्या चिठ्ठ्या त्यातच होत्या. बऱ्याच चिठ्ठ्यांवर दुसरी पसंती ताईंची होती, काहींवर हत्तीची, आणि काहींवर फक्त 1 लिहून बाकी कोरं. कोऱ्या चिठ्ठ्या पण मी सगळ्यांना दाखवल्या. काकाजींनी त्या हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाले, "ह्या लोकांच्या घरी मी येतो तुमच्यासंगं."

महापालिकेचे अर्ज भरायच्या आधी हे लिहिताना गाडं अडलंय ते एबी फॉर्मवर, म्हणजे हा आमचा अधिकृत उमेदवार असं पक्ष लिहून देतो त्या कागदावर. मोठ्या पक्षाच्या बाईंनी बैठकीत सगळ्यांसमोर निकाल मान्य केला, कागदावर सही केली, पण तिच्या वरच्या लोकांचं म्हणणं आहे की तिकीट असं सतरंजीवर ठरत नसतं, आणि ताईंनी लढायचं असेल तर आमच्या चिन्हावर लढावं. ताई म्हणतात चिन्ह कोणतं का असेना, पण बाकीच्या तीन जागांपैकी एक हत्तीवालीला सोडा, मग मी तुमच्या चिन्हावर येते. यावर अजून उत्तर आलेलं नाही. ताईंनी कागद मात्र जमवायला घेतले आहेत, जातीच्या वैधतेची पावती, घरटॅक्सची थकबाकी नसल्याचा दाखला, खर्चासाठी वेगळं बँक खातं. सकाळची धुण्याभांड्याची कामं उरकून त्या दुपारी झोन ऑफिसला जातात, सोबत आमच्यातलं कोणी ना कोणी असतं. कोऱ्या चिठ्ठीवाल्या घरांची यादी काकाजींकडे आहे, रविवारी आम्ही दोघं निघतो.